जुनी स्विफ्ट पहिल्यांदाच ट्रॅकवर न्यायची आहे, काय काय करून घेऊ? (सातारा)

यवतेश्वर_११

रामराम मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मामाची २००७ची स्विफ्ट आता माझ्याकडे आलीय. व्हीएक्सआय, १.३ पेट्रोल, एबीएस नाही, ९८ हजार किलोमीटर. मामानं ती सातारा-कोरेगाव एवढीच फिरवली, त्यामुळे पत्रा खणखणीत आहे. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून, पर्यावरण कर भरून आरसी पाच वर्षांनी वाढवून घेतलीय.

अडीच महिन्यांनी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर नवख्यांसाठी ट्रॅक डे आहे, तिथं जायचं ठरतंय. शर्यत नाही, वेळ मोजणं नाही. वीस-वीस मिनिटांची सत्रं आणि शेजारी बसून शिकवणारी माणसं. गाडी चालवतच न्यायची आणि चालवतच परत आणायची, कारण ट्रेलर परवडत नाही. बजेट ६० हजार. माझी यादी अशी: फ्रीफ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर, मोठा एअर फिल्टर, गाडी खाली करायच्या स्प्रिंगा, आणि पैसे उरले तर सोळा इंची अलॉय. काही राहिलं का?

कंदी_पेढा

हेल्मेट राहिलं. आणि घरी सांगायचं राहिलं.

सज्जनगड_एक्स्प्रेस

यादी एक नंबर भावा. त्यात रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) पण टाक. ८७ हॉर्सपॉवरवर ट्रॅकला जाणं म्हणजे बैलगाडा शर्यतीला म्हैस नेण्यासारखं आहे.

मिरजेचा_पाना

यादी वाचली. एकच विचारतो, रागावू नको. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?

यवतेश्वर_११

बदलतात होय? सर्व्हिसिंगला टॉप-अप करतात एवढं माहीत आहे.

मिरजेचा_पाना

बोनेट उघड, ब्रेक ऑइलची डबी बघ आणि रंग सांग.

यवतेश्वर_११

कोऱ्या चहासारखा.

मिरजेचा_पाना

मग सायलेन्सर बाजूला ठेव. तुझे साठ हजार आधी त्या चहात गेले असं समज.

कृष्णाकाठ

पाना दादा थोडक्यात बोलतात, मी जरा लांबण लावते. (सांगलीची आहे. करीवर तीनदा आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर एकदा गेलेय. चारही वेळा जुनीच गाडी.)

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, तो त्याचा गुणच आहे. डॉट ही त्याची प्रत, बाटलीवर लिहिलेली असते. डॉट ३ ताजं असताना साधारण २०५ अंशांना उकळतं आणि पाणी मुरलं की १४० ला. डॉट ४ ताजं २३०, मुरलेलं १५५. डॉट ५.१ ताजं २६०, मुरलेलं १८०. हे मानकातले किमान आकडे आहेत, बाटलीवर याहून जास्त लिहिलेलं असतं. तुझं ऑइल किती वर्षांचं आहे ते मामालाच ठाऊक, पण रंगावरून ते मुरलेलं नक्की आहे.

आता ट्रॅकवर काय होतं बघ. चालकासकट गाडी अकराशे किलो धरू. ताशी १२० वरून ६० वर आणलीस की साडेचार लाख ज्यूलच्या वर उष्णता ब्रेकमध्ये जाते. म्हणजे दीड लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळी फुटेपर्यंत तापवायला लागते तेवढी. प्रत्येक मोठ्या वळणाआधी एक पातेलं चहा, आणि त्यातला बहुतेक पुढच्या दोन डिस्कवर. शहरात दोन ब्रेकच्या मधे डिस्क निवतात. ट्रॅकवर त्यांना निवायला वेळच मिळत नाही. मग उष्णता पॅडमधून पिस्टनला, पिस्टनमधून ऑइलला पोचते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, द्रव दाबला जात नाही, म्हणून पाय सरळ पाटीला टेकतो. पेडल स्पंजासारखं मऊ झालं तर ऑइल उकळलंय. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून निसटायला लागलेत. हा फरक आत्ताच डोक्यात बसव, तिथं विचार करायला वेळ नसतो.

डॉट ४ किंवा ५.१ घाल. नुसतं डॉट ५ लिहिलेलं घेऊ नको, ते सिलिकॉनचं असतं आणि तुझ्या गाडीत चालत नाही. बाटली सीलबंदच घ्यायची. गॅरेजच्या फळीवर झाकण अर्धवट लावून ठेवलेली बाटली म्हणजे पावसात भिजलेला गूळ.

सज्जनगड_एक्स्प्रेस

ब्रेक ठीक आहे, पण गाडी पळालीच नाही तर थांबवायची कशाला?

मिरजेचा_पाना

साताऱ्याला परत यायचंय त्याला. म्हणून.

पोवई_नाका

मजा संपली असेल तर कागदाचं बोलतो. इन्शुरन्सचं काम करतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा एक परिच्छेद असतो, तो कुणी वाचत नाही. संघटित शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे वापर त्यात वगळलेले आहेत. आयोजक 'शर्यत नाही' म्हणाले तरी ट्रॅकवर गाडी ठोकल्यास क्लेम मिळेल असं धरून जाऊ नका. ठोकली तर खिशातून, हे आधी पटवून घ्या. मामा नाही, मामी विचारेल.

दुसरं, बदलांचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलंय. फ्रीफ्लो लावून साताऱ्याहून कोइम्बतूरला निघालात तर अकराशे किलोमीटरवर तीन राज्यांचे पोलीस भेटतील. जुन्याच्या जागी तसलाच नवा पार्ट टाकण्यावर कुणाचं काही म्हणणं नसतं.

यवतेश्वर_११

बरं. सायलेन्सर कॅन्सल. फिल्टर कॅन्सल. स्प्रिंगा तरी?

कृष्णाकाठ

स्प्रिंगा कापल्या किंवा नुसत्या आखूड टाकल्या की जुना शॉकप त्यांना आवरू शकत नाही, आणि रबरी बंपस्टॉपवर गाडी बसते. मग वळणात टायर अचानक सुटतो. तुझे शॉकप मूळचेच असतील तर आधी ते तपास, रॉडवर तेलाचा ओघळ दिसला तर बदल. लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) बघ, बॉल जॉइंट बघ. पुढच्या चाकाला वरून-खालून धरून हलव. खडखड आली तर तिथं पैसे घाल. नव्या बुशची साधी स्विफ्ट आणि फाटक्या बुशची खाली केलेली स्विफ्ट, दोन्ही मी करीवर एकाच दिवशी पाहिल्यात. दुसरी दुपारनंतर दिसली नाही.

मिरजेचा_पाना

माझ्याकडून क्रम घे, मागंपुढं करू नको. ब्रेक. टायर. पाणी. ऑइल. चाकं आणि बुश. मग वेळ उरला तर गाडी धू.

पाण्याचं सांगतो. होस पाइप चिमटीत दाबून बघ. बटाटेवड्यासारखा मऊ झाला असला किंवा कडक होऊन तडकला असला तर बदल. थर्मोस्टॅट बदल. कुलंट काढून नवीन भर, निम्मं-निम्मं. रेडिएटरचं झाकण बदल. फॅन वेळेवर सुरू होतो का बघ. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते मामाला विचार, आठवत नसलं तर बदलून टाक. या १.३ ला चेन नाही, बेल्ट आहे.

कंदी_पेढा

पाना मामा, वडा कडक असतो आमच्याकडं.

मिरजेचा_पाना

साताऱ्यात असेल.

यवतेश्वर_११

*तीन आठवड्यांनी*

गाडी खोलली. एमआयडीसीतल्या गॅरेजला दोन शनिवार स्वतः उभा राहिलो. काय निघालं ते लिहितो.

मागचा डावा ड्रम काढला तर आत सगळं ओलं. व्हील सिलिंडर गळत होता, लायनर तेलात भिजलेले. बाहेर एक थेंबही नव्हता, कारण धूळ तेल पिऊन चिखल झाली होती. मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला तेव्हा काळा लगदा पडला. गाडी ब्रेक मारताना किंचित उजवीकडं ओढायची, मी ते रस्त्याच्या उताराच्या खात्यावर टाकलं होतं. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि लायनर नवे टाकले.

पुढचे पॅड निम्मे होते तरी बदलले, डिस्क मापात होत्या. चार रबरी ब्रेक पाइप नवे. ब्रेक ऑइल डॉट ४ घालून एअर काढली. पहिल्या बाटलीभर तर काकवी निघाली, मग मधासारखं, मग एकदाचं स्वच्छ. पेडल आता टाचेला जाणवतं एवढं वर आलंय. मामा शेजारी बसून म्हणाला, 'ही माझी गाडी नव्हेच.'

डावीकडचा लोअर आर्म बुश फाटलेला, इंजिनचं एक माउंटिंग बसलेलं, उजव्या ड्राइव्ह शाफ्टचं बूट चिरलेलं. बेल्ट बदलला. कुलंट, थर्मोस्टॅट, वरचा-खालचा होस झाले. टायर अजून जुनेच. नक्षी भरपूर आहे, म्हणून चालतील म्हणतोय.

कृष्णाकाठ

टायरच्या बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, ते सांग.

यवतेश्वर_११

२३१४.

कृष्णाकाठ

२०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी असून उपयोग नाही, रबर दगड झालंय. नखानं दाबून बघ. बदल, आणि मूळ मापातच घे. सोळा इंची अलॉयचे पैसे आता इथं लाव, चौदा इंची टायर स्वस्तही पडतात. महागडे घेऊ नको, पहिल्या दिवशी तू पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा खाणारच आहेस. सगळे खातात.

हवेचं: सकाळी थंड टायरमध्ये दाराच्या पट्टीवर लिहिलंय तेवढी भर. सत्र संपलं की लगेच मोज, चार-सहा पीएसआय चढलेली दिसेल. खडूनं टायरच्या खांद्यावरून बाजूवर उभी रेघ ओढ. खडू बाजूवरून बराच खालपर्यंत पुसला गेला तर टायर लोळतोय, हवा कमी आहे. खांद्यापर्यंतसुद्धा पुसला नाही तर जास्त आहे. शाळेतल्या खडूएवढं चांगलं उपकरण नाही.

सज्जनगड_एक्स्प्रेस

माझं म्हणणं अजूनही तेच आहे, पण खडूचं माहीत नव्हतं.

यवतेश्वर_११

टायर घेतले, अलाइनमेंट केली. आता रविवारी पहाटे यवतेश्वर घाटात जरा तपासून बघतो.

पोवई_नाका

अजिबात नाही. कासला फुलं बघायला जाणाऱ्या बायाबापड्यांची पोरं त्या घाटात उलट्या करायला थांबलेली असतात. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची परीक्षा हा कलम १८९ चा गुन्हा आहे, आणि तो नसता तरी नाही.

मिरजेचा_पाना

घाट नको. पॅड बसवायचे तेवढे बसव. सरळ रिकामा रस्ता, मागं कुणी नाही बघून साठवरून दहापर्यंत दाबत आण. पूर्ण थांबायचं नाही. सात-आठ वेळा. मग ब्रेक न लावता आठ-दहा किलोमीटर हळू चालव, निवू दे. वास येईल, घाबरू नको. नंतर चाकाचे नट टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळ. ट्रॅकवर प्रत्येक सत्रानंतर परत बघ.

हात साफ करायचा असला तर कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर कार्ट चालव. लाइन, म्हणजे वळणातून गाडी न्यायची वाट, काय असते ते स्वस्तात कळतं.

कृष्णाकाठ

आदल्या रात्री: डिकी, ग्लोव्ह बॉक्स, सीटखालची जागा पूर्ण रिकामी. स्टेपनी आणि जॅक पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत) काढून ठेव. ड्रायव्हरची मॅट काढ, पेडलखाली सरकते. बॅटरीचा क्लॅम्प हलवून बघ. इंजिन ऑइल वरच्या खुणेला बरोबर, त्यावर नाही आणि खालीही नाही. लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. टो हुक गाडीत ठेव. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, पण कोणतं चालेल ते आयोजकांना आधी विचार. पातळ तळाचे बूट.

बसणं: पाठ टेकवून हात सरळ केला की मनगट स्टीअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. बेल्ट लावताना सीट एक घर मागं घे, बेल्ट झटक्यात ओढून लॉक कर, मग सीट पुढं घे. मांडी घट्ट धरली जाते आणि स्टीअरिंगला लोंबकळावं लागत नाही.

सत्र संपताना शेवटची फेरी ब्रेक न वापरता मार. पॅडॉकमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले लायनर ड्रमला धरतात. ब्रेकवर पाय ठेवून उभंही राहायचं नाही. गिअरमध्ये ठेव, चाकाखाली लाकडाचा ठोकळा लाव. एबीएस नाही म्हणून एक जास्तीचं: चाक जाम झालं तर पाय किंचित उचल. गोठून दाबत राहिलास तर टायरला चपटा डाग पडेल आणि कोइम्बतूर ते सातारा गाडी धडधडत येईल.

यवतेश्वर_११

*परत आल्यावर*

आलो. मी आणि गाडी दोघंही. लांबलचक लिहितोय.

शुक्रवारी पहाटे तीनला पोवई नाक्यावरून निघालो. आईनं दोन किलो पेढे आणि दशम्या दिल्या. डिकी रिकामी करायची तर पेढे मित्राच्या मांडीवर. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत संध्याकाळी बंगळुरूच्या पुढं मुक्काम, शनिवारी दुपारी चेट्टिपालयम. ट्रॅक ज्यांच्या नावावर आहे ते एस. करिवर्धन कोइम्बतूरचेच. हे मला गेटवरच्या माणसानं इंग्रजी-तमीळ मिसळून सांगितलं, डोळ्यांत असा अभिमान की जणू त्याचे काका.

रविवारी सकाळी तपासणीत आमचा डॅशबोर्डवरचा गणपती निघाला. बारा वर्षं डबल टेपवर बसलेला. तपासणारा हात जोडून म्हणाला, सर, काढा. निघता निघेना. शेवटी मित्राच्या बायकोच्या दोऱ्यानं करवतीसारखं कापून काढला आणि रुमालात गुंडाळून पेढ्यांच्या डब्यात ठेवला. लिंबू-मिरची मी स्वतःहून काढली.

पहिलं सत्र: काहीच कळलं नाही. करी दोन किलोमीटरचा लहान ट्रॅक, वळणामागं वळण. शेजारचे सर एकच वाक्य म्हणत होते, लांब बघ. मी बोनेटकडं बघत होतो. मोठ्या गाड्या सरळ रस्त्यावर निघून जायच्या आणि वळणात परत समोर यायच्या. सज्जनगड भाऊ, ८७ हॉर्सपॉवर मला पुरून उरले. तिसऱ्या-चौथ्या फेरीत चौथ्या गिअरवरून दाबून ब्रेक मारला तेव्हा पेडल जिथं होतं तिथंच होतं. जुन्या चहावर आलो असतो तर, हा विचार तिथंच आला.

दुसरं सत्र: बारा मिनिटं झाली असतील, पाण्याचा काटा निम्म्यावरून वर सरकायला लागला. हीटर पूर्ण चालू केला, खिडक्या उघड्या, पिटमध्ये आलो. बोनेट उघडलं तर ओव्हरफ्लोची बाटली काठोकाठ भरलेली, झाकणाच्या कडेनं फसफसतंय. होस नवे, थर्मोस्टॅट नवा, कुलंट नवं, फॅन फिरतोय. तिथल्या एका मेकॅनिकनं गाडी थंड होऊ दिली, रेडिएटरचं झाकण काढलं, अंगठ्यानं स्प्रिंग दाबली आणि माझ्याकडं बघितलं. स्प्रिंग मऊ, रबराची चकती चिरलेली. मामाच्या काळातलं झाकण. पाना दादांनी यादीत लिहिलं होतं आणि मी गॅरेजमध्ये 'झाकण काय खराब होणार' म्हणून ठेवलं होतं, कारण पेट्रोलचे पैसे मोजत होतो.

मित्र दुचाकीवरून गावात गेला. तमीळ येत नाही, म्हणून जुनं झाकणच हातात घेऊन दुकानात उभा राहिला. दीड तासानं आला. माझं तिसरं सत्र गेलं.

चौथ्याला गेलो. काटा निम्म्यावर खिळलेला. त्या सत्रात एकदा, फक्त एकदा, एक वळण बरोबर जमलं. ब्रेक सरळ असताना संपला, गाडी आत गेली, बाहेर पडताना स्टीअरिंग आपोआप सुटत गेलं. सर काही बोलले नाहीत, नुसता अंगठा दाखवला. पुढच्याच वळणात परत घाण केली.

पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा खाल्ल्यात, कृष्णाकाठ ताई म्हणाल्या तशाच. पॅड निम्म्याच्या थोडे वर उरलेत. एकूण खर्च टायर धरून एकसष्ट हजार, प्रवास वेगळा.

सज्जनगड_एक्स्प्रेस

पुढच्या वेळी मी येतो. माझ्या गाडीचं ब्रेक ऑइल बघितलं आत्ता. रंग सांगणार नाही.

कृष्णाकाठ

हीटर चालू करायचं कुठून सुचलं? बरोबर केलंस. घरी जायच्या आधी ऑइल-कुलंट परत बघितलंस ना? आणि ब्रेक ऑइल एवढं तापलं असेल तर पुढच्या ट्रॅक डेआधी नवं घाल, रंग स्वच्छ दिसला तरी.

यवतेश्वर_११

बघितलं ताई, बेळगावला पण बघितलं. हीटर मामानं शिकवलेला, खंबाटकी घाटातल्या जुन्या ॲम्बॅसेडरचा धडा.

मिरजेचा_पाना

जुनं झाकण फेकलं नाहीस ना? घेऊन ये, माझ्याकडं प्रेशर टेस्टर आहे. किती दाबाला सोडतंय ते बघू.

यवतेश्वर_११

आहे, पेढ्यांच्या डब्यात आहे. रविवारी मिरजेला येतो. गणपती आईनं परत चिकटवलाय, या वेळी चार टेप लावून.

कंदी_पेढा

आणि पेढे?

यवतेश्वर_११

कोइम्बतूरच्या मेकॅनिकला दिले.